अॅल्युमिनियमची बारा फुटी होडी

धरण भरल्याची बातमी सोलापुरात कुणी ओरडून सांगत नाही. ती आपोआप कळते. चहाच्या टपरीवर दोन माणसं पेपर एकमेकांकडं सरकवतात, रिक्षावाला मागं वळून म्हणतो, "भरलं की ओ उजनी," आणि लगेच पुढं म्हणतो, "आपल्या नळाला काय, दिवसाआडच." यंदाही तसंच झालं. गणपती उठले, पितृपंधरवडा संपत आला, ऊन धुतल्यासारखं स्वच्छ पडायला लागलं. एका सकाळी टाकीत पाणी किती आलंय ते बघायला मी गच्चीवर गेलो आणि हवेला तो वास होता. कसला ते नीट सांगता येत नाही. दूर कुठंतरी पुष्कळ पाणी थांबलेलं आहे आणि त्याच्यावर ऊन पडलेलं आहे, त्याचा. इतक्या लांबून धरणाचा वास येतो म्हटलं तर लोक हसतील. मला येतो. गेली बारा वर्षं येतो. आला की मी खाली उतरतो आणि उत्तरेकडची खिडकी लावून घेतो.

घरात मी एकटाच असतो. सुनंदा, माझी बायको, मुलीच्या बाळंतपणाला पुण्याला गेली ती नातवात रमली. महिन्यातून एकदा येते, डबे घासूनपुसून ठेवते, फ्रिजवर सूचना चिकटवते आणि जाते. मुलगा ओंकार बंगळूरला. फोनवर तो "जेवलात का" विचारतो, मी "जेवलो" म्हणतो, आणि मग आम्ही दोघंही फोन कोण ठेवतोय याची वाट बघतो. दुपारी कुकरची शिट्टी होते तेव्हा घरात आवाज झाला म्हणून मीच दचकतो.

आणि अक्का अक्कलकोटला.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. अकरा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो, ती सतरा. तिनं मला वाढवलं. माझं शिक्षण होईपर्यंत तिचं लग्न थांबलं आणि मग ते थांबलेलंच राहिलं. माझं लग्न झालं, मुलं झाली, कारखाना निघाला, अक्का घरातच. चार वर्षांपूर्वी श्रुतीचं, माझ्या मुलीचं, लग्न झालं. पाहुणे गेले, मांडवाचे बांबू गेले, आणि एका संध्याकाळी भाजी निवडता निवडता अक्का म्हणाली, "तम्मा, अक्कलकोटला मठाच्या मागं एक खोली मिळतीय. जाऊ का?" कानडीत धाकट्या भावाला तम्मा म्हणतात. आमच्या घरात हाका कानडी आणि भांडणं मराठी. मी पेपरातून डोकं वर न काढता म्हणालो, "तुझी मर्जी." जन्मापासून ज्या माणसाबरोबर एका छपराखाली राहिलो त्याला मी दोन शब्दांत जाऊ दिलं.

मला तिला घरी आणायचं आहे. हे मी चार वर्षं रोज ठरवतो. पण "घरी चल" म्हणायच्या आधी तिला एक गोष्ट सांगायला हवी, आणि ती मी तिला, सुनंदाला, मुलांना, कुणालाच कधी सांगितलेली नाही. माझा स्वभाव मुळात कमी बोलण्याचा. लोकांना तो शांतपणा वाटतो. तो तसा नाही, हे मला माहीत आहे.

चिंचोळी एमआयडीसीत माझं पत्र्याचं काम आहे. टाक्या, कूलरचे सांगाडे, हवेची मोठाली नळकांडी. लोखंडाचा पत्रा माणसासारखा असतो, गंजतो, रुसतो. अॅल्युमिनियमचं तसं नाही. हलकं, मऊ, वळवाल तिकडं वळणारं. बारा वर्षांपूर्वी, दोन कोरड्या वर्षांनंतर धरण काठोकाठ भरलं, त्या वर्षी एका गिऱ्हाइकाबरोबर मी उजनीला गेलो. त्याला गळ टाकायचा नाद. मी आपला शेजारी बसलो. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी. मासा खाणं सोडाच, घरात शब्दही उच्चारायचा नाही. पण त्या दिवशी मला एक गोष्ट फार आवडली. हातात गळ असलेल्या माणसाकडून कुणी बोलण्याची अपेक्षा करत नाही. दोरीवरचं बूच पाण्यात हलतंय, त्याच्याकडं बघत तासच्या तास गप्प बसायला परवानगी. तिथंच डोक्यात आलं की आपली एक होडी पाहिजे. घरच्यांना रविवारी फिरायला, आणि कधीमधी मला गळ टाकायला. धरलेला मासा सोडून द्यायचा नाहीतर तिथल्या कोळ्याला द्यायचा. एवढंच.

मग त्या होडीनं मला महिनाभर झपाटलं. माहितीपत्रकं मागवली. टेबलावर, उशाखाली, गाडीत, सगळीकडं होड्या. बारा फुटी की चौदा फुटी? बारा फुटी जीपच्या टपावर उलटी बांधून नेता येते, दोन माणसं उचलतात. चौदा फुटीला टेम्पो लागतो, पण तिच्यात सहा माणसं ऐसपैस. बूड सपाट की टोकदार? सपाट बुडाची उथळ पाण्यात काठापर्यंत येते, उभं राहिलं तरी डगमगत नाही. टोकदार बुडाची लाटा कापते, पण उजनीत लाटा त्या किती, वारा सुटला तरच. जोड रिव्हेटचे की वेल्डिंगचे? रिव्हेट ढिले झाले की पाणी झिरपतं, वेल्डिंग चांगलं नसलं तर तडकतं. पत्र्याची जाडी. बाकांच्या खाली फोम भरलाय का, म्हणजे उलटली तरी बुडणार नाही. मी पत्र्यातला माणूस, मला या सगळ्यात इतका रस की जेवताना ताटात बोटानं होडीचं बूड काढून दाखवायचो.

सुनंदा म्हणायची, "घ्या काय घ्यायची ती, पण एकदाची घ्या." ओंकारला फक्त वेग हवा होता, मोटर लावणार का एवढाच त्याचा प्रश्न. श्रुतीला रंग.

ऐकत होती ती अक्का. कारखान्यातून आलो की ती कडक भाकरी करत बसलेली असायची. पातळ थापलेली ज्वारीची भाकरी आधी तव्यावर, मग मंद आचेवर फडक्यानं दाबत दाबत पापडासारखी कडक करायची. एक भाकरी व्हायला वेळ लागतो, म्हणून ऐकायलाही वेळ असायचा. मी पाटावर बसून सांगायचो, ती फडकं दाबत प्रश्न विचारायची. "एवढ्याशा पत्र्यावर माणसं कशी काय तरंगतात रे?" "भोक पडलं तर डाग लावता येतोय?" एकदा तिनं माहितीपत्रकातलं चित्र जवळ घेऊन बघितलं आणि म्हणाली, "आतनं कोरा पत्रा हाय व्हय? आपल्या उन्हात तवा होईल की त्याचा. बसणाऱ्याचं थालीपीठ." मी हसलो, पण बरोबर होतं. एकाही विक्रेत्यानं मला हे सांगितलं नव्हतं. मी आतून फिका हिरवा रंग आणि बसायच्या फळ्यांवर आणि पायाखाली काथ्याची चटई, असं लिहून घेतलं. काथ्यामुळं आणखी एक फायदा झाला: पत्र्यावर पाय आपटला की आवाज पाण्यात जातो आणि मासे पळतात, तेही थांबलं.

आणि ती म्हणाली होती, "चौदा फुटी घे. पाय पसरून बसता येतंय."

कुणाचे पाय, हे मी विचारलं नाही. तिचे गुडघे तेव्हाही दुखायचे.

शेवटी एजंट घरी आला. तरतरीत माणूस, गळ्यात पट्टा, बोलण्यात साखर. मी, सुनंदा, मुलं सोफ्यावर. अक्का आत चहा करत होती. त्यानं पेन काढून विचारलं, "साहेब, फॅमिलीत माणसं किती?"

मी म्हणालो, "चार."

त्याच वेळी अक्का ट्रे घेऊन दारात आली होती. एजंट खूश होऊन म्हणाला, "मग बारा फुटी बास झाली. चार लाइफ जॅकेटं देतो." अक्कानं ट्रे टीपॉयवर ठेवला. एजंटाला म्हणाली, "साखर बघा हो, कमी झाली असेल तर." आणि आत गेली. सुनंदानं माझ्याकडं बघितलं. एजंट गेल्यावर ती म्हणाली, "अक्कांचं काय?" मी म्हणालो, "तिला कुठं मासळीचा वास सोसणार? ती येणार नाही." सुनंदाला ते पटलं. आमच्यासारख्या घरात ते कुणालाही पटलं असतं. इथं मला सुनंदाचं एक देणं फेडायचं आहे: बारा वर्षं पाहुण्यारावळ्यांत कुजबुज होती की वहिनीनं नणंदेला होडीत घेतलं नाही. तिनं विचारलं होतं. मीच खोटं बोललो.

का बोललो? पैसे होते, टेम्पो होता, चौदा फुटी सहज घेता आली असती. खरं कारण त्या माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर होतं. निळं पाणी, होडी, आणि तिच्यात चौघं: बाप वल्हवतोय, आई टोपी धरून हसतेय, एक मुलगा, एक मुलगी. मला ते चित्र हवं होतं. त्या चित्रात कपाळाला विभूती ओढलेली, इरकल नेसलेली, पाण्यावरून पलीकडच्या माणसाला "कुटलं गाव वो तुमचं?" म्हणून ओरडून विचारणारी अक्का बसत नव्हती. मी नुकता कारखानदार झालो होतो. क्लबात जायला लागलो होतो. माझं शिक्षण जिच्या भाकऱ्यांवर झालं तिची मला लाज वाटत होती. हे वाक्य लिहायला मला बारा वर्षं लागली आणि लिहिल्यावर ते इतकंसंच दिसतंय.

पहिला रविवार मात्र अजून जसाच्या तसा आहे. दसरा नुकताच झालेला. धरणाच्या मागच्या बाजूला, जिथं ज्वारीची रानं उतरत उतरत पाण्यात शिरतात, तिथं दशरथ नावाच्या कोळ्याची झोपडी. त्याच्याकडं होडी ठेवायची बोली केली होती. अक्का पहाटेच उठली होती. कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही, वांग्याची भाजी, सगळं बांधलेलं. आणि तिनं सणाला काढायची हिरवी इरकल नेसली होती. गाडीत मुलांबरोबर गाणी म्हणत आली. पाणी दिसलं तेव्हा एकदम गप्प झाली. एवढं पाणी. पलीकडचा काठ धुरकट, मधेच पाण्यातून वर आलेलं एका वाळक्या बाभळीचं टोक, त्याच्यावर पंख वाळत घालून बसलेला काळा पाणकावळा. होडी पाण्यात टाकली तसा तिच्या बुडाखाली टप् टप् असा रिकाम्या डब्यासारखा आवाज यायला लागला.

मी जॅकेटं काढली. सुनंदाला दिलं, ओंकारला, श्रुतीला, मी घातलं. अक्कानं तोवर चपला काढून हातात घेतल्या होत्या, निऱ्या जरा वर खोचल्या होत्या आणि ती घोटाभर पाण्यात येऊन उभी होती.

श्रुती म्हणाली, "पप्पा, आत्याचं जॅकेट?"

मी म्हणालो, "आत्याला मासळीचा वास सोसत नाही बाळा. ती काठावर बसेल."

अक्कानं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. लहानपणी मी शाळेतून काही लपवत आलो की ती जशी बघायची तसं. मग तिनं पदर उचलला, नाकाला लावला आणि श्रुतीला म्हणाली, "व्हय बाई. लई मळमळतंय बग मला. तुमी जावा." आणि मागं सरकत, एक पाऊल, दोन पावलं, कोरड्यात जाऊन उभी राहिली.

दशरथ जाळं झटकत होता. तो म्हणाला, "मावशी, आज तर मासाच न्हाय अजून. वास कुटनं?" अक्का म्हणाली, "तुमाला सवय हाय बाबा. तुमाला न्हाय कळायचा." माझं खोटं माझ्याकडून तिनं असं काढून घेतलं आणि स्वतःचं करून टाकलं.

त्या हंगामात आम्ही आठ-नऊ रविवार गेलो. माणसानं आयुष्यात सुखाचे म्हणून मोजून ठेवावेत असे. सकाळचं पाणी दुधासारखं, मग दहाच्या सुमाराला त्याच्यावर वाऱ्याची बारीक चुणी. लाकडी वल्ह्याला हाताचा घाम. चिलापी गळाला लागली की दोरीला येणारा तो लहानसा, रागीट झटका. तिचे करड्या पाठीवरचे पट्टे, डोळ्यातला गोल अचंबा, आणि परत पाण्यात सोडल्यावर क्षणभर तिचं तसंच थांबणं, जणू सुटका खरी आहे का ते बघतेय. थंडी वाढली तसे पाणी हटलेल्या चिखलात रोहित पक्षी उतरले, दुरून गुलाबी धुणं वाळत घातल्यासारखे. मुलं सुरुवातीला ओरडायची, मग त्यांनाही सवय झाली आणि होडीत शांतता असायची. सुनंदा पाण्यात बोटं सोडून बसायची. मी बुचाकडं बघायचो.

आणि काठावर एक हिरवा ठिपका असायचा. आम्ही जेवढं आत जाऊ तेवढा लहान. तो कधी बसलेला, कधी दशरथच्या चुलीपाशी वाकलेला. मी तोंड त्या बाजूला करून बसायचं टाळायचो, पण वल्हवणाऱ्याची पाठ पुढं असते आणि तोंड मागं, काठाकडं. होडीत बसलेल्या सगळ्यांत ही अडचण एकट्या वल्हवणाऱ्याची.

गळाला लावायची कणीकही तीच मळून द्यायची. हळद घालून, घट्ट, बोराएवढे गोळे करून डब्यात. परत आल्यावर मासे बघायची, टोपलीत हात घालून. "ह्यो कुठला रे? वांब? सापागत दिसतोय की." मुलं कुणी जवळ आली की मात्र पदर नाकाला. पुढं पुढं ते तिच्या अंगातच मुरलं. बाजारातून जाताना मासळीची पाटी दिसली की आमच्या ओळखीच्या बाया हसून म्हणायच्या, "अक्का, नाक धरा." ती धरायची. श्रुतीच्या लग्नात जावयाकडच्या लोकांना कुणीतरी कौतुकानं सांगितलं की आमच्या आत्यांना मासळीचा वास दहा घरांवरून येतो. अक्का हसली. मी पानाला चुना लावत राहिलो.

पुढच्या वर्षी ओंकारची दहावी आली, मग श्रुतीची. होडी दशरथकडून कारखान्याच्या शेडमध्ये आली आणि उलटी पडली, तिच्यावर पत्र्याची कात्रणं, रंगाचे डबे. ती एका हंगामाचीच होती.

यंदा मी शेडमध्ये गेलो. कात्रणं काढली, ती सरळ केली. आत पालींची अंडी, काथ्याच्या चटया कुजलेल्या, पण पत्र्याला काही झालेलं नव्हतं. बुडाला एक ठिकाणी खरवडलं होतं तेवढंच. दोन कामगारांनी धुतली. टेम्पोनं दशरथकडं पाठवून दिली, आणि पुढच्या रविवारी सकाळी मी अक्कलकोटला गेलो.

अक्काची खोली मठाच्या मागं, पत्र्याच्या तीन खोल्यांपैकी मधली. दाराशी तुळस, दोरीवर इरकल. शेजारची बाई कानडीत तिच्याशी काहीतरी भांडल्यासारखं बोलत होती आणि दोघी हसत होत्या. इथंही ती कडक भाकरी करते, एका खानावळीला देते. मला बघून म्हणाली, "कोण गेलं?" मी म्हणालो, "कुणी नाही. उजनी भरलंय. चल."

"मी? आन् मासळीचा वास?"

"चल म्हटलं ना."

तिनं जरा वेळ माझ्याकडं बघितलं. मग आत जाऊन लुगडं बदलून आली. गाडीत आम्ही सोलापूर ओलांडलं, मोहोळ ओलांडलं. ती रस्त्याकडेच्या उसाबद्दल बोलली, शेजारणीच्या सुनेबद्दल बोलली. मी हं हं करत राहिलो. टेंभुर्णी आली तरी माझ्या तोंडातून शब्द निघाला नव्हता.

दशरथ म्हातारा झालाय, पण त्यानं तिला ओळखलं. "मावशी, आज नाक घरी ठिवून आलाव व्हय?" तिचे गुडघे वाकत नव्हते, म्हणून त्यानं घरातली प्लॅस्टिकची खुर्ची पाण्यात ठेवली, खुर्चीवरून ती होडीत आली. मी तिला जॅकेट घातलं, बंद ओढले. "ह्यात मी भोपळ्यागत दिसतीय," ती म्हणाली. पहिल्या पन्नास वल्ह्यांपर्यंत तिनं होडीचे दोन्ही काठ घट्ट धरले होते आणि डोळे मिटून ओठांत काहीतरी पुटपुटत होती. मग एक डोळा उघडला. मग दुसरा. आजूबाजूला बघितलं. पाणी, ऊन, लांबवर एक जाळ्याची होडी. आम्ही मधोमध आलो, मी वल्ही आत घेतली. टप् टप्.

बराच वेळ गेल्यावर ती म्हणाली, "एवढंच व्हय?"

मी म्हणालो, "एवढंच."

"तुमी हितं येऊन काय करायचा मग? दोन दोन तास?"

"काही नाही. बसायचो."

"बोलायचा न्हाई?"

"नाही."

तिला ते खरं वाटेना. "मला वाटायचं," ती म्हणाली, "मधी गेल्यावर तुमी लोक काय तरी बोलत असणार. हसत असणार. काठावर आवाज येत न्हाई ना. मी तितं बसून मनानंच तुमची बोलणी करायची. आता ओंकार असं म्हणला असंल, आता सुनंदा तसं म्हणली असंल. आन् तू कायबाय सांगत असशील, होडीचं सांगायचास तसं."

मग मी बोललो. कसं बोललो ते आता आठवत नाही. वाक्यं तुटत होती. एजंटला काय सांगितलं ते सांगितलं, सुनंदाला काय सांगितलं ते, श्रुतीला काय सांगितलं ते. ती पाण्याकडं बघत ऐकत होती. मी थांबल्यावर म्हणाली, "आपल्या जुन्या घराखालच्या बिऱ्हाडात रोज मासं तळायचे. मी कधी नाक धरलं होतं का रे? तुला तर ठावं हाय."

"आहे."

"लाज वाटायची व्हय माझी?"

मला नाही म्हणता आलं असतं. तिची तीच अपेक्षा असावी. तिनं प्रश्न विचारला तोही असा, की नाही म्हणायला जागा राहावी. मी म्हणालो, "हो."

पाणकावळा उडत आला आणि आमच्या पुढून गेला, पाण्याला इतका लागून की त्याच्या पंखांची टोकं भिजली असतील. तिनं पदरानं कपाळ पुसलं, विभूती थोडी फिसकटली. मग म्हणाली, "सुनंदाला माहीत न्हाई?"

"नाही."

"मग सांगायला पायजे. तिच्यावर आळ आलाय उगीच." आणि थोड्या वेळानं, "वल्हव आता. ऊन लागतंय."

परतीच्या वाटेवर ती झोपली. डोकं काचेला टेकलेलं, तोंड थोडं उघडं. झोपेत ती आईसारखी दिसते, म्हणजे आईच्या एकुलत्या एका फोटोसारखी. अक्कलकोट यायला दुपार उलटून गेली. दारात उतरताना मी एकदाचं म्हणालो, "अक्का, घरी चल. कायमची. तुझी खोली तशीच आहे."

तिनं कुलूप काढलं. आत जाऊन माठातलं पाणी आणून मला दिलं. मी पिईपर्यंत उभी राहिली.

"न्हाई तम्मा," ती म्हणाली. "रागानं म्हणत न्हाई. मला हितं बरं वाटतंय."

मी रिकामं फुलपात्र हातात धरून उभा राहिलो. शेजारची बाई दारातून डोकावली, अक्कानं तिला हातानंच नंतर ये म्हणून सांगितलं.

"असं कर," ती म्हणाली. "भाऊबीजेला न्यायला ये. फोन करून ये म्हणू नको, स्वतः ये. मला लुगडं घे, तुझ्या आवडीचं. जन्मभर मी त्याच घरात होते, भाऊबीजेला ओवाळलं की लगीच पुऱ्या तळायला आत. मला माहेर कुटलं? सगळ्या बाया पिशवी भरून माहेराला निघायच्या, मी त्येंना बसस्टँडवर सोडायला जायची. आता मला बी माहेर झालंय. चार दिवस येईन. कामाला हात लावणार न्हाई, आधीच सांगते. बसून खाईन."

तिनं माझ्या हातातलं फुलपात्र घेतलं.

"आन् पाचव्या दिवशी सोडायला बी ये."